दर्या, मोबाईल आणि आपली मुलं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २६ जानेवारी २०२६ रोजी गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचे शब्दांकन. वक्त्या आपल्याच इमारतीतील रहिवासी व महापालिकेच्या प्राथमिक शाळेतील निवृत्त शिक्षिका आहेत.)





सेक्रेटरी साहेब मला म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षिका. मुलांवर काहीतरी बोला, पंधरा-वीस मिनिटं." मी विचारलं, विषय काय? तर म्हणाले, "मोबाईलचं काहीतरी करा. पोरं ऐकतच नाहीत." हे सांगताना त्यांचं लक्ष स्वतःच्या मोबाईलमध्ये होतं. (हशा.) राग मानू नका साहेब, माझंही तसंच असतं. त्याबद्दलच आज बोलणार आहे.

२००१ साली आपली सोसायटी रजिस्टर झाली, तेव्हा अख्ख्या इमारतीत फोन किती होते आठवतंय? चार. तळमजल्यावरच्या काकांचा नंबर निम्म्या बिल्डिंगचा पी.पी. नंबर होता. गावाहून फोन आला की काका जिन्यात उभे राहून हाका मारायचे. कोणाचा फोन आला, किती वेळ चालला आणि बोलताना कोण रडलं, सगळं सगळ्यांना ठाऊक असायचं. मग मोबाईल आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि बघता बघता घरटी तीन-चार फोन झाले. तरी पहिली-दुसरीच्या पोराच्या हातात फोन म्हणजे तेव्हा लाड होता. तो अभ्यासाचा भाग झाला २०२० साली.

ते दिवस आपण कोळीवाड्यातली माणसं विसरणार नाही. मार्च २०२० च्या अखेरीस मुंबईतले जे भाग सुरुवातीलाच सील झाले, त्यात आपला वरळी कोळीवाडा होता. बांबू लागले, पोलीस उभे राहिले, होड्या किनाऱ्याला लागून राहिल्या. शाळा बंदच. मी तेव्हा नोकरीत होते. तिसरीचा वर्ग होता माझा, अडतीस मुलं. फोनवरून शिकवा म्हणाले, आम्ही शिकवलं. पण फोन कोणाकडे? एका मुलीच्या घरी एकच फोन, तो बापाबरोबर कामावर जायचा. ती रात्री नऊला मला गृहपाठाचा फोटो पाठवायची. एकाचा फोन फुटका. एका घरात तीन भावंडं आणि तिघांचा तास एकाच वेळी.

केंद्र सरकारनं त्या वर्षी 'प्रज्ञाता' नावाच्या सूचना काढल्या होत्या. पहिली ते आठवीच्या मुलांना दिवसाला ऑनलाइन दोनच तास, तेही फार तर पाऊण पाऊण तासाचे घ्यावेत, असं त्यात होतं. म्हणजे दिवसाला दीड तास. पण तास संपला म्हणून कोणी फोन परत घेतला का? आईला स्वयंपाक, बापाला काळजी, पोरगं गप्प बसतंय तर बसू दे. मुंबईत प्राथमिकच्या शाळा उघडल्या डिसेंबर २०२१ मध्ये. पावणेदोन वर्षं झाली होती. मुलं शाळेत परत आली, फोन काही घरात परत ठेवला गेला नाही.

आता थोडं मागे जाते. मी जन्मानं इथलीच. माझे बाबा नाखवा होते. मी सहा-सात वर्षांची असताना ते आम्हाला क्लीव्हलँड बंदरावर न्यायचे. पण थेट पाण्यात नाही. पहिले कित्येक दिवस नुसतं बसून बघायचं. भरती कधी, ओहोटी कधी, पाण्याचा रंग कधी बदलतो, कुठल्या खडकावर शेवाळ आहे. मग गुडघाभर पाण्यात, त्यांचा हात धरून. मग किनाऱ्याला बांधलेल्या होडीत. पुढे भावाला खलाशांबरोबर जवळच्या जवळ नेलं. एकदा भाऊ न सांगता एकटाच होडीत चढला, तर बाबांनी त्याला मारलं नाही. जवळ बसवून म्हणाले, "दर्या आपला हाय, पन दर्या कोनाचा नाय. जायचं तर सांगून जायचं."

आमच्यातल्या कोणी कधी म्हटलं का, की दर्यात धोका आहे म्हणून पोरांना दर्या दाखवूच नका? पोट त्याच्यावर आहे. आणि कोणी असंही म्हटलं नाही, की पोरगं हुशार आहे, त्याचं तो शिकेल, टाका पाण्यात. मोबाईलच्या बाबतीत मात्र आपण या दोनच गोष्टी करतो. एक तर हिसकावून घेतो, नाहीतर पूर्ण सोडून देतो. हात धरून गुडघाभर पाण्यात उभं राहायचं काम कोणी करत नाही. ते वेळखाऊ आहे ना!

हे मला आधीपासून कळत होतं असं समजू नका. कळलं ते दोन वर्षांपूर्वी, आणि वाईट रीतीनं कळलं.

आपल्याच एका कार्यक्रमात एका लहान मुलाच्या बाबतीत काहीतरी घडलं. काय घडलं ते मी सांगणार नाही, कारण ते सांगितलं तर तो व्हिडिओ मी आज पुन्हा एकदा फॉरवर्ड केल्यासारखं होईल. ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपा करून शेजारच्याच्या कानातही सांगू नका. कोणाचाही दोष नव्हता, लहान मुलांच्या बाबतीत होतं तसलंच काहीतरी. चौथीतल्या एका मुलानं आईच्या फोनवर त्याचा व्हिडिओ काढला. अकरा सेकंदांचा. मुलांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो आपल्या मोठ्यांच्या ग्रुपवर आला. आणि मोठ्यांनी काय केलं? हसणारे चेहरे टाकले. त्यातले तीन चेहरे माझे होते. चौतीस वर्षं शाळेत मुलांना सांभाळलेली बाई मी, मी तो व्हिडिओ वेसाव्याला माझ्या बहिणीला पाठवला. 'बघ गं, किती गोड!' असं लिहून.

पुढच्या सोमवारी शाळेत दुसऱ्या बिल्डिंगमधल्या मुलांनी त्या मुलाला त्याच गोष्टीवरून एक नाव पाडलं. तो खाली खेळायला यायचा बंद झाला. गणपतीत आला नाही, दिवाळीत किल्ला करायला आला नाही. आम्हाला वाटलं, अभ्यास असेल, आजारी असेल. एकदा जिन्यात त्याची आई भेटली. मी सहज विचारलं, "हल्ली दिसत नाही गं बाळ?" तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, तुम्हीसुद्धा?"

तेवढंच बोलली. पिशव्या उचलून वर गेली.

मी घरी आले आणि फोन उघडला. म्हटलं, काढून टाकू. तर सगळ्यांच्या फोनमधून पुसायची मुदत कधीच संपलेली. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, मी आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर टाकला होता." तिथल्या एकीनं तिच्या माहेरच्या ग्रुपवर. मी दोन दिवस फोन करत होते. सात ग्रुपपर्यंत माग लागला, त्यापुढे नाही. आजही तो कोणाच्या तरी फोनमध्ये असणार. मी त्या घरी जाऊन माफी मागितली, आईची आणि त्या मुलाचीही. तो काही बोलला नाही. का बोलेल?

ज्यानं व्हिडिओ काढला त्या मुलाला त्याच्या वडिलांनी मारलं आणि त्याचा फोन बंद केला. मला त्याचीही फार वाईट गत वाटली. त्याला हे शिकवलं कोणी? आपणच. बाळ पहिल्यांदा चाललं की व्हिडिओ, पडलं की व्हिडिओ, आंघोळीचा व्हिडिओ, रडतंय तर आधी व्हिडिओ आणि मग कडेवर. 'काढू का?' असं आपण त्याला एकदाही विचारलेलं नव्हतं. मग विचारायचं असतं, हे त्याला कुठून कळणार?

म्हणून मी कमिटीकडे सोसायटीचं ऑफिस मागितलं. दर रविवारी दहा ते अकरा. पहिली ते पाचवीची मुलं. पहिल्या रविवारी नऊ आली, नंतर सोळापर्यंत गेली. फी नाही, फक्त वही-पेन्सिल. आणि मोबाईल आणायचा नाही! मुलांना नवल वाटलं. "मोबाईलचा क्लास आणि मोबाईल नाही?" म्हटलं, माझ्या बाबांनीसुद्धा पहिले दिवस काठावरच बसवलं होतं.

तिथं आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगते, म्हणजे तुम्हाला घरी करता येईल.

पहिल्या दिवशी एका मुलीला मी सांगितलं, चिठ्ठीवर तुझं एक छोटंसं गुपित लिही, खोटं चालेल. तिनं लिहिलं, 'मी दादाचं चॉकलेट खाल्लं.' ती चिठ्ठी दोघांना दिली. प्रत्येकानं बघून नक्कल करायची आणि आणखी दोघांना द्यायची. पाच मिनिटांत खोलीभर चिठ्ठ्या. मग मी त्या मुलीला म्हटलं, आता सगळ्या परत गोळा कर. ती धावली, हिसकावल्या, कपाटाखाली शोधल्या. मोजल्या तर एक कमी. कोणाच्या तरी खिशातून ती घरी गेली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या दादानंच तिला विचारलं, "माझं चॉकलेट खाल्लंस?" फॉरवर्ड म्हणजे काय, हे त्या दिवसापासून मला एकाही मुलाला समजावावं लागलेलं नाही. त्यांनी स्वतःच नियम केला. फोटो पाठवायच्या आधी दोन प्रश्न: हे कोणाचं आहे? त्याला विचारलं का?

दुसऱ्या वेळी घरचा अभ्यास दिला. आई-बाबांसमोर बसून एक व्हिडिओ स्वतः निवडायचा. तो संपल्यावर फोनला हात लावायचा नाही. पुढं आपोआप जे काही लागतं, त्याची वहीत नोंद करायची, पंधरा मिनिटं. पुढच्या रविवारी वह्या उघडल्या. एकीनं होडीचं चित्र कसं काढायचं ते लावलं होतं. पंधरा मिनिटांनी एक माणूस खेळण्यांची खोकी फोडत होता आणि मध्ये दोन जाहिराती होऊन गेल्या होत्या. मी विचारलं, यातलं तू काय निवडलंस? ती म्हणाली, "पहिलंच. बाकीचं त्यानं निवडलं." हा 'तो' कोण, ते सात-आठ वर्षांच्या मुलाला एवढं सांगितलं तरी पुरतं: दुकानदाराला गिऱ्हाईक दुकानाबाहेर जायला नको असतं. मग मुलांनी घरोघरी ते आपोआप लागणं बंद करून घेतलं. सेटिंगमध्ये एक बटण आहे, बघून घ्या.

तिसरी गोष्ट पैशांची. आपल्या बाजारात आता मावशींच्या पाटीलाही क्यूआर कोड लावलेला असतो. मुलं शंभर वेळा बघतात, आजीला पैसे पाठवून देतात. त्यांना एकच वाक्य पाठ करून घेतलं: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला. म्हणून 'पैसे पाठवतोय, पिन टाका' असं कोणी म्हणालं की तो चोर. तिसरीतल्या एका मुलीनं हे घरी आजीला सांगितलं. दोन महिन्यांनी आजीला तसाच फोन आला, तेव्हा आजीनं तो फोन नातीच्या हातात दिला. पैसे वाचले. पासवर्ड, ओटीपी हे सगळं टूथब्रशसारखं. भाऊ कितीही लाडका असला तरी ब्रश ज्याचा त्याचा.

चौथी गोष्ट या एक-दोन वर्षांतली, एआयची. मी निबंध दिला होता, 'माझी आई'. एका मुलानं झकास लिहून आणला. 'माझी आई पहाटे उठते, देवपूजा करते, माझा डबा भरते आणि वेळेवर ऑफिसला जाते. ती प्रेमाची मूर्ती आहे.' अक्षर त्याचं, शुद्धलेखनाची एक चूक नाही. आता त्याची आई तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ती पहाटे तीनला भाऊच्या धक्क्याला जाते आणि दिवसभर बाजारात बसते. मी त्याला ओरडले नाही. विचारलं, "ही कोणाची आई रे?" त्यानं वाचलं आणि हसायला लागला. म्हणाला, "मोबाईलची." मग तिथंच बसून त्यानं पाच ओळी लिहिल्या. त्यात होतं, 'माझ्या आईचे हात बर्फाने गार असतात. ती आली की दार वाजायच्या आधी मला बोंबलाचा वास येतो.' चुका होत्या चार, पण ती त्याची आई होती. मी मुलांना सांगितलं, एआयला विचारायला माझी ना नाही. अवघड शब्दाचा अर्थ विचारा, गणित कुठं चुकलं ते विचारा, आणि मिळालेलं उत्तर पुस्तकात ताडून बघा, कारण तेही ठामपणे चुकीचं सांगतं. पण तुमची आई त्याला माहीत नाही. ती तुम्हीच लिहायची.

आणि शेवटचा तास पाच बोटांचा. पंजा कागदावर ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवायची. प्रत्येक बोटावर एका मोठ्या माणसाचं नाव लिहायचं. फोनवर काही घाण दिसलं, कोणी भीती घातली, कोणी 'आईला सांगू नकोस' म्हणालं, तर ज्याला न भिता सांगता येईल असं माणूस. मंडळी, खोटं नाही सांगत, सोळातल्या फक्त चौघांची पाचही बोटं भरली. एकीच्या दोनच बोटांवर नावं होती. एकाच्या तिसऱ्या बोटावर आपल्या वॉचमन काकांचं नाव होतं. मी त्याला विचारलं, बाबांचं का नाही? तो म्हणाला, "बाबा आधी फोन काढून घेतात, मग ऐकतात."

हे वाक्य घरी घेऊन जा. फोन जाईल या भीतीनं मूल सांगत नाही, आणि सांगत नाही म्हणून एकटं पडतं. मूल सांगायला आलं की पहिलं वाक्य एकच म्हणायचं: 'बरं केलंस सांगितलंस.' रागवायचं असेल तर ते दुसऱ्या दिवशी.

आता काही जण म्हणतील, बाई, एवढं कशाला? सरळ बंद करा ना! तेही आपल्या महाराष्ट्रात करून बघितलंय. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे, तीन-एक हजार वस्तीचं. तिथं १४ ऑगस्ट २०२२ ला महिलांची ग्रामसभा झाली आणि १५ ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. सात ते साडेआठ टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, गप्पा मारायच्या. सरपंच विजय मोहिते यांनी ते धरून लावलं. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं ग्रामसभेत अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलबंदी ठरवली. आणि आता तर ऑस्ट्रेलियानं अख्ख्या देशाचा कायदा केलाय. १० डिसेंबर २०२५ पासून तिथं सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही.

यातलं वडगावचं मला जास्त पटलं, कारण तिथं मोठ्यांचाही टीव्ही बंद झाला. आपणही मागच्या वर्षी करून बघितलं, आठवतंय ना? वॉचमन काकांनी सातला घंटा वाजवायची. पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी कमिटीनंच सव्वासातला पाणी येणार नसल्याचा मेसेज ग्रुपवर टाकला. (हशा.) मग क्रिकेट, मग मालिका. मुलांनीच येऊन मला सांगितलं, "बाई, घंटा आमच्यासाठीच आहे वाटतं." घंटा बंद पडली, आणि ती पोरांमुळे नाही, आपल्यामुळे पडली.

मग काही घरांनी छोटं केलं. रात्रीच्या जेवणाला घरातले सगळे फोन एका टोपलीत. आजोबांचासुद्धा. जेवण होऊन भांडी आवरेपर्यंत टोपली उचलायची नाही. आज आपल्याकडे अकरा घरांत हे चालू आहे आणि आठ महिने टिकलंय. कोळी माणसाला हे पटायला अवघड नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून आपण दर्याशी भांडतो का? माशांना वाढायला वेळ देतो आणि नारळी पौर्णिमेला नारळ घेऊन पुन्हा त्याच्याच पाया पडायला जातो. पोरांच्या डोक्यालाही अशी रोजची थोडी बंदी लागते.

माझं भाषण मोबाईलच्या विरोधात आहे, असा समज घेऊन जाऊ नका. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी, त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, मुलांनी तो स्कॅन केला की धड्याची गाणी, व्हिडिओ समोर. पुढे ते कोड बालभारतीच्या पुस्तकांवर आले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपल्या मुंबई महापालिकेनंही २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. आपल्या होड्यांवर आज जीपीएस आहे, मासा दाखवणारं यंत्र आहे. माझ्या बाबांच्या वेळी ते असतं तर दोन-तीन रात्री आईनं किनाऱ्यावर जागून काढल्या नसत्या. यंत्राचा मला राग नाही.

आता पालकांसाठी नेमकं. लिहून घ्या.

बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचं म्हणणं असं आहे: दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नाहीच, घरच्यांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षं, फार तर एक तास. पाच ते दहा वर्षं, दोन तासांपेक्षा कमी. आणि तेही झोप, खेळ, अभ्यास यांतला वेळ न खाता.

व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम, फेसबुक, तिघांची स्वतःचीच अट आहे, वय कमीत कमी तेरा. म्हणजे चौथीतल्या मुलांचा जो ग्रुप आपण चालू दिला होता, तो मुळातच नियमात बसत नव्हता. जन्मसाल खोटं टाकून आपणच ते सुरू करून देतो आणि पोराला पहिला धडा खोटं बोलण्याचा देतो.

आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय. मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची खात्रीशीर परवानगी हवी, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, ते टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. पण कायदा आपल्या जिन्यात उभा राहणार नाही, तिथं आपणच लागतो.

आणि दोन नंबर. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०, आणि तोही लगेच, उद्या नको. मूल संकटात असेल तर १०९८, चाइल्डलाइन. हे दोन्ही नंबर मुलांनी रंगवून लिफ्टच्या शेजारी लावलेत. मेंटेनन्सच्या नोटिशीखाली झाकले गेलेत, ते कमिटीनं वर घ्यावेत, ही जाहीर विनंती.

सोसायटीकडे माझं मागणं फार नाही. मुलांचा व्हॉट्सअॅप ग्रुप बंद झालाय, तो बंदच राहू द्या. त्याऐवजी ऑफिसबाहेरच्या फळ्याचा निम्मा भाग मुलांना द्या, खेळ किती वाजता, कोणाचा वाढदिवस, ते त्यांना तिथं लिहू दे. मोठ्यांच्या ग्रुपवर कोणत्याही मुलाचा फोटो त्याला आणि त्याच्या आई-बाबांना विचारल्याशिवाय टाकायचा नाही, हा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत यावा, मी सूचक व्हायला तयार आहे. आणि रविवारचा वर्ग मी एकटी किती वर्षं घेणार? आपल्याकडे कॉलेजची मुलं-मुली आहेत, त्यांना माझ्यापेक्षा हे जास्त कळतं. दोघं-चौघं पुढं या.

आता शेवटचं. तो मुलगा. सहाव्या रविवारी तो वर्गात आला, चपला न काढता दाराशी बसला. मी त्याला काही विचारलं नाही. दोन-तीन रविवारांनी तो आत बसला. आजचं हे भाषण ठरलं तेव्हा मी आधी त्याच्याकडे गेले. म्हटलं, तुझी गोष्ट सांगू का? नाही म्हणालास तर नाही सांगणार. त्यानं एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "सांगा. पण काय झालं ते सांगू नका, आणि माझ्याकडे बघू नका." म्हणून मी गेली वीस मिनिटं मुलांच्या सतरंजीकडे जरा कमीच बघितलंय.

रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत सगळ्या बालगोपाळांचे फोटो छापायचे ठरले आहेत. या वेळी संपादक मंडळानं प्रत्येक मुलाला विचारलं. बहुतेकांनी हो म्हटलं, काहींनी केस विंचरून दुसरा काढा म्हटलं. एक जण 'नको' म्हणाला. त्याचा 'नको' आपण ऐकला. पानावर त्याच्या जागी त्यानं स्वतः काढलेलं होडीचं चित्र येईल. होडीवर नंबर घातलाय, तो बरोबर आहे का, हे त्यानं बंदरावर जाऊन बघून आलेलं आहे.

 पोरांनो, आता उठा, वडापाव आलाय.

जय हिंद, जय महाराष्ट्र!